बुजवलेले झरोके

एका माळावर, पळसाच्या बुंध्याशी मुंग्यांचे एक जुने वारूळ होते. एके दिवशी अस्वलाने नखांनी ते अर्धे उकरून टाकले. उघड्यावर पडलेल्या मुंग्यांनी वारूळ पुन्हा उभारण्याचे काम एका म्हाताऱ्या कारागीर मुंगीवर सोपवले, कारण मातीचा स्वभाव तिच्याइतका कोणालाच कळत नव्हता.

तिने आधी उरलेले वारूळ आतून-बाहेरून फिरून पाहिले. वारा खेळता राहावा म्हणून पूर्वजांनी तळापासून माथ्यापर्यंत झरोके ठेवले होते. भोवतालच्या गवताच्या मुळांनी माती घट्ट धरून ठेवली होती. उभे आहे ते मोडायचे नाही, पडले आहे तेवढेच बांधायचे, असे तिने ठरवले. राणीला ते पटेना. पिल्ले उन्हात पडली होती आणि खोल्या दुप्पट हव्या होत्या. झरोके बुजवून तिथेच खोल्या काढाव्यात, असा तिने हुकूम केला.

"राणीसाहेब, उन्हाळ्यात आत जीव गुदमरतील," कारागीर मुंगी म्हणाली.

राणीने तोच हुकूम पुन्हा सुनावला. बाकीच्या मुंग्या माती आणायला निघाल्या. आपण एकटीनेच वाईटपणा का घ्यावा, असे कारागीर मुंगीच्या मनात आले आणि ती मान खाली घालून कामाला लागली. नवे वारूळ आसपासच्या सगळ्या वारुळांहून उंच झाले. जो तो तिची वाहवा करी. ती मात्र रोज बुजवलेल्या झरोक्यांपाशी जाऊन येई.

मुलांनो, मग वैशाख आला. माळ तव्यासारखा तापला. एका दुपारी मधल्या खोल्यांतली पिल्ले हलेनाशी झाली. कारागीर मुंगी धावत गेली आणि स्वतःच लिंपलेली माती जबड्याने फोडू लागली. जबडा सोलून निघाला, तरी ती थांबली नाही. दिवस कलेपर्यंत तीन झरोके मोकळे झाले. तळाची पिल्ले तेवढी वाचली. मधल्या खोल्यांतले एकही उरले नाही.

राणी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला ठाऊक होते," ती म्हणाली. "मग एकदाच सांगून गप्प का बसलीस?"

कारागीर मुंगीने एक मेलेले पिल्लू उचलले आणि ती बाहेरच्या वाटेला लागली. तिच्यामागे इतर मुंग्याही एकेक पिल्लू उचलून निघाल्या.

तात्पर्य : ज्याला धोका कळतो, त्याने एकदा सांगून मोकळे होऊ नये, त्याच्या गप्प बसण्याचे फळ दुबळ्यांना भोगावे लागते.