हातभर शिपाई, दोन हात चौरंग

"साठच्या साठ शिपाई या चौरंगावर मावले पाहिजेत!" राजे हिंदुराव गरजले. "तीस माझे, तीस शत्रूचे! नाहीतर सखबा चिताऱ्या, तुझी हत्यारं जप्त आणि तू संस्थानाबाहेर!"

सखबाची चूक एकच. हुकूम झाला तसेच खेळातले लाकडी शिपाई त्याने केले होते. शेजारच्या संस्थानिकाकडे अंगठ्याएवढे शिपाई होते, आणि ते मांडायला दिवाणखानाभर मेज. "अंगठ्याएवढे? आमचे हातभर उंच हवेत!" असे राजांनीच फर्मावले होते. मग पांगाऱ्याचे लाकूड आले, लाखेचे रंग चढले, घोड्यांना खऱ्या केसांच्या शेपट्या लागल्या. पण लढाई खेळायची ती आजोबांच्या चौरंगावरच, हा घराण्याचा रिवाज. चौरंग दोन हातांचा. खांद्याला खांदा लावून उभे केले, तरी छत्तीसच मावत.

दरबारात अकलेचा पूर आला. एक सरदार म्हणाला, "चौरंगाला फळी जोडू." त्याला आजोबांच्या तसबिरीपुढे नाक घासावे लागले. दुसरा म्हणाला, "शिपाई गुडघ्यापासून कापू." राजांनी नकळत स्वतःचेच गुडघे चाचपले.

"तासायचं नाही, जोडायचं नाही, एकावर एक ठेवायचं नाही!" राजांनी बजावले. "आणि सेनापती मी! माझ्या हुकमाशिवाय माझा एकही शिपाई चौरंगावरून हलणार नाही. मुदत आठ दिवस!"

सखबाने सात दिवस अन्नाला हात लावला नाही. आठव्या सकाळी त्याची मुलगी आवडी म्हणाली, "आबा, तुम्ही भाकरी खा. दरबारात मी जाते."

"तू? तू तर भातुकलीची भांडी करतेस!"

"म्हणूनच तर जाते. फौजेची पोटं तुम्ही कुणी बघितलीच नाहीत."

आवडी गेली तेव्हा राजांचे तीस शिपाई चौरंगावर जत्रेसारखे कोंबलेले होते. समोर शत्रू म्हणून दिवाणजी बसले होते. जुन्या, छोट्या शिपायांच्या खेळात अकरा वर्षे ते रोज राजांकडून हरत आले होते. हरण्यातला त्यांचा हातखंडा सगळ्या संस्थानाला ठाऊक होता. त्यांचे सहा शिपाई काठावर जीव मुठीत धरून उभे होते, बाकीचे चोवीस टोपलीत.

"काय आणलंस, पोरी?" राजांनी विचारले.

आवडीच्या ओच्यात बोटभर हंड्या, चुली आणि घागरी होत्या. "चूल मांडायला जागा बघते, सरकार. फौज आठ दिवस उपाशी आहे. घोड्यांना तर काडी नाही."

"लाकडाच्या घोड्यांना चारा?" राजे हसले. दरबारही लगेच हसला.

"चुकलेच, सरकार! घोडे लाकडाचे, तर लढाईही लाकडाचीच. मग अकरा वर्षांत सरकार जिंकले काय नि हरले काय, सारखंच!"

दरबाराचे हसू जागच्या जागी आटले. दिवाणजी छताकडे पाहू लागले.

"खबरदार!" राजे कडाडले. "माझी लढाई खरी असते!"

"मग घोडे खरेच उपाशी आहेत, सरकार. शत्रूला कळलं, तर तो तलवार उपसणारसुद्धा नाही. नुसता वाट बघत बसेल."

"शत्रूच्या आधी मी जागा आहे!" राजांना हे सहन होईना. "चारा आणायला दहा स्वार पाठवा! पाण्याला चार जण, लाकूडफाट्याला चार!"

आवडीने अदबीने अठरा शिपाई उचलून खाली ठेवले. मोकळ्या जागेत एक चूल मांडली.

"दिवाणसाहेब, तुमच्या फौजेला पोट नाही का?"

"आहे ना!" दिवाणजी चटकन म्हणाले. "आमचेही अठरा गेले. उरले बारा."

आवडीने टोपलीतून सहा शिपाई काढले आणि काठावरच्या सहांजवळ उभे केले. इकडे बारा, तिकडे बारा, मध्ये मोकळे रण! राजांनी एक घोडा पुढे सरकवला. तो कोणालाही न पाडता सरकला. राजे खुलले, मग एकदम थबकले.

"थांब! साठ मावायला हवे होते. ही अर्धीअधिक फौज तर जमिनीवर आहे!"

"ती सरकारांच्याच हुकमाने गेली."

"पण लढाईत कुठे आहे?"

"सरकार भोजनाला आत जातात, तेव्हा गादी रिकामी असते," आवडी म्हणाली. "म्हणून संस्थानाला राजा नाही, असं कुणी म्हणतं का?"

राजांनी वळून आपल्या गादीकडे पाहिले. मग राजे हसले. इतके हसले की चौरंग हलला आणि त्यांचेच चार शिपाई आडवे झाले.

"जिंकलंस, पोरी! सखबाला त्याची हत्यारं ठेवू द्या, आणि नदीकाठची पांगाऱ्याची राई त्याच्या नावे करा. आणि उद्यापासून माझा शत्रू तू!"

दिवाणजींनी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाय पसरले.