ठमाईची नऊ अंडी

काट्याकुट्यांचं एक जंगल होतं. तिथे करवंदीच्या जाळीत ठमाई नावाची रानकोंबडी नुकतीच नऊ अंड्यांवर बसली होती. एकवीस दिवस जागचं हलायचं नाही, मग पिल्लं. आईनं, आजीनं असंच केलं होतं. नऊच्या नऊ जगावीत, एवढंच तिचं राजकारण.

जंगलावर मुसंडराव या रानडुकराचं राज्य होतं. निवडणूक दहा दिवसांवर आलेली, आणि दाखवायला कामं म्हणाल तर त्यानं उकरलेले खड्डे. म्हणून त्यानं फर्मान काढलं, "यापुढे अंडी सात दिवसांत फुटतील. एकवीस दिवस ही मागच्या राजवटीची आळशी खोड!" टाळ्या पडल्या. गाढवांना तर रडूच कोसळलं.

अंडीकल्याण खातं मुंगसाकडे होतं, अंड्यांचा दांडगा अनुभव म्हणून. तो रोज तीनदा यायचा.

"ठमाबाई, उठा. आढावा घ्यायचाय."

"साहेब, मी उठले की अंडी गार पडतात हो!"

"मग प्रगती मोजायची कशी? उठा बघू."

तो एकेक अंडं कानाशी धरून हलवायचा आणि अहवालात 'काम वेगात' असं लिहायचा. ठमाईचा जीव टांगणीला लागायचा. चौथ्या दिवशी अंड्यांना स्फुरण चढावं म्हणून ढोल आणले. पाचव्या दिवशी खुद्द राजानं अंड्यांपुढे दोन तास भाषण ठोकलं, "माझ्या लाडक्या पिल्लांनो, कवचं तोडा!" अंडी ढिम्म.

सातव्या दिवशी मांडव पडला, फीत लागली, तुतारी वाजली. अंड्यांना मात्र साधा तडाही जाईना. राजा कातावला. ठमाई पंख जोडून म्हणाली, "सरकार, पिल्लं हवी असतील तर मला आणखी चौदा दिवस कुणी उठवू नका. घाईच असेल तर आमलेट आत्ता होईल."

राजानं सुळ्यानं एक अंडं फोडलं. बलक नाकावरून ओघळला. मग मुंगूस किंचाळला, "पिवळं आहे! म्हणजे पिल्लूच!"

एकच जयजयकार झाला. योजना यशस्वी, नऊ पिल्लं जनतेला अर्पण, असं जाहीर करून मंडळी जेवायला गेली.

ठमाई त्या एका अंड्यासाठी पोटभर रडली आणि उरलेल्या आठांवर बसली. काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं होतं, त्यामुळे आढाव्याला कुणी फिरकलं नाही. म्हणूनच अंड्यांना अखंड ऊब मिळाली. मध्ये निवडणूक होऊन गेली, मुसंडराव भरघोस मतांनी आला, पण ठमाई उठली नाही. एकविसाव्या दिवशी आठही पिल्लं बाहेर पडली. ओली, किडकिडीत, पण जिवंत! ठमाईला आनंदानं ओरडावं की रडावं कळेना.

पिल्लांची नावं नोंदवायला ती चावडीवर गेली. तिथल्या घुबडानं रजिस्टर उघडलं.

"बाई, यांची नोंद दोन आठवड्यांपूर्वीच झालीय. नऊ आहेत इथे," तो म्हणाला. "आणि नऊच्या नऊ जणांनी मतदानही केलंय."