दहावा खड्डा

जपून या पाहुणे, पुढे खड्डा आहे. या माळावर नऊ थडगी आणि दहावा खड्डा. थडग्यांवर एकही नाव नाही. गावाला लिहिता येत नव्हतं असं समजू नका; मी स्वतः चौथी तीनदा केली आहे. नाव घालायचं नाही असं ठरलेलं आहे.

असं सांगतात, की पहिली नऊ घरं इथे आली तेव्हा प्यायला पाणी नव्हतं. विहीर खणायला घेतली. खडक लागला, दरड कोसळली, तापाची साथ आली. पाणी लागेपर्यंत प्रत्येक घरातलं एक माणूस गेलं. आमच्यात पुरतात. नऊ जणांना इथे पुरलं, उशाला एकेक दगड रोवला.

पाणी लागलं तसा खालच्या इनामदाराला माळ आठवला. थडगी राहिली तर माळावर गावाचा हक्क आधीचा ठरतो, म्हणून त्याने आठ बैलांचा नांगर थडग्यांवरच घातला. दगड उताराने गडगडत गेले. तेव्हा यमनाक्का कुदळ घेऊन आली. नऊ जणांत तिचा नवरा होता. नांगरापुढे तिने हा खड्डा खणला आणि आत आडवी झाली.

नांगऱ्या म्हणाला, "अक्का, ऊठ. बैल खोळंबलेत."

"खोळंबू देत. मी मेले आहे."

"मेलेलं माणूस बोलतं का?"

"नांगर घालून बघ. शिव्यासुद्धा देतं."

बैल तिथेच बसले म्हणे. कुणी म्हणतं, दमले होते. असतील बाबा. पण चाबूक ओढूनही उठले नाहीत ते?

मग इनामदार स्वतः आला. म्हणाला, "दगड परत लावा. पण कुठला कुणाचा ते सांगा. एक चुकला तरी माळ माझा."

दगड सगळे सारखे, काळे. गावाने ते वर ओढून आणले, उभे केले. इनामदाराने पहिल्यावर काठी टेकली. यमनाक्का म्हणाली, "आमच्या घरचा." मागून आठही घरं म्हणाली, "आमच्या घरचा." दुसऱ्यावर तेच. नवव्यावरही तेच.

"एकेका घरचे नऊ मेले काय?"

"विहिरीचं पाणी पिताना ती खणली कुणी ते आम्ही विचारत नाही, सरकार. दगडाला कशाला विचारू? आता चूक काढा."

चूक निघेना. तो वळला, तसे बैल आपणहून उठले म्हणे.

यमनाक्का पुढे म्हातारी होऊन गेली. तिला विहिरीपाशी पुरलं, कारण हा खड्डा बुजवायचा नाही असं तिनेच बजावलं होतं. मागे रस्त्याचे साहेब आले, विचारलं, "ही कुणाची थडगी?" अख्खं गाव म्हणालं, "आमच्या घरची." तो बघा रस्ता, कसा वाकडा गेलाय.

आजही अक्षय्य तृतीयेला कलले दगड सरळ करतो, धुतो, आणि खड्ड्यातला गाळ काढतो. पुढचा नांगर कधी येईल सांगता येत नाही. मी आत झोपून बघितलंय. माझ्या मापाचा आहे.