तिरपा उजेड

"पण चाचा, उजेडाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

हेरंबला राहवेना. वीटभट्टीवरच्या बाईचा त्यानं काढलेला फोटो जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला आला होता आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. फक्त दस्तगीरचाचांनी 'बरा आहे' म्हणायचं बाकी होतं. मिरजेतल्या त्यांच्या स्टुडिओत तो अकरा वर्षं शिकला, पण ते दोन शब्द काही त्याच्या कानी पडले नव्हते.

चाचा भिंग घेऊन फोटोवर वाकले.

"उजेड चांगला धरलायस. सकाळचा?"

"सातचा. तिरपा. सुरकुती न् सुरकुती दिसते बघा."

"दिसते. आणि हे खांद्यावर काय आहे?"

हेरंब वाकला. बाईचं पोलकं खांद्यावर उसवलं होतं. त्या उसवल्या जागेवर विटांच्या लाल धुळीत पाच बोटं उमटली होती. त्यानं हा फोटो शंभरदा तरी पाहिला असेल, पण त्याची नजर तिथं कधी गेलीच नव्हती.

"तिचीच बोटं आहेत."

"मग हात कुठं गेला?"

हेरंबनं फोटो आपल्याकडं ओढून घेतला.

"हेरंब, विचारतोय मी."

"तिनं तिथं हात धरला होता. त्याची सावली पडत होती, म्हणून मी म्हटलं… मावशी, हात खाली घ्या."

"लगेच घेतला?"

"तीनदा सांगावं लागलं," हेरंब म्हणाला.

चाचा उठले. कोपऱ्यातला मोठा दिवा त्यांनी ओढत आणला आणि हेरंबच्या तोंडावर लावला.

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज तर वाटत होतीच, पण ती चाचांना अशी लख्ख दिसतेय याची आणखी वाटत होती. मान खाली घातली तरी उजेड काही सुटेना. त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

चाचा समोर स्टुलावर बसून राहिले. कॅमेरा त्यांच्या मांडीवर होता.

"चाचा… हात खाली घेऊ का?"

चाचांनी दिवा बंद केला.

"असू दे. मला काही घाई नाही."