रिकाम्या पाटावरचा पाहुणा

फार वर्षांमागे एका माणसाच्या पाठीत उजवी आणि डावी अशा दोन बहिणी राहत होत्या. त्या होत्या त्याची मूत्रपिंडं. दोघी अहोरात्र त्याचं रक्त गाळत. जस्तदादा, म्हणजे अन्नातलं जस्त, रोज जेवणाबरोबर यायचे, दोघींकडे पाटावर बसायचे आणि गाळणीची डागडुजी करून द्यायचे. घरात पाट रिकामा ठेवायचा नाही, अशी डावीची रीत होती.

पुढे माणसाचं जेवण निकस झालं. जस्तदादा येईनासे झाले. उजवीनं आपले पाट उचलून भिंतीला टेकवले. डावीला मात्र पाटांकडे बघवेना.

त्याच सुमारास विडीच्या धुरातून कॅडमियम नावाचा दुसरा धातू आला. तोंडावळा थेट जस्तदादांचा.

“डावे, चेहऱ्यावर जाऊ नकोस,” उजवी म्हणाली. “यानं एका तरी कामाला हात लावलाय का?”

“असू दे गं ताई. रिकाम्या पाटापेक्षा बरा.”

कॅडमियम बसला तो उठेचना. मागाहून त्यानं आपल्या सोबत्याला, शिशालाही बोलावलं. दोघांनी मिळून डावीची गाळणी फाडली. रक्तातलं सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाऊ लागलं.

माणूस पुन्हा तीळ, हरभरे खाऊ लागला, तेव्हा दारात ओळखीची हाक आली, “डावे, आलो गं!”

डावीनं मागं वळून पाहिलं. “दादा, बसा म्हणायला पाट उरला नाही हो.”

जस्तदादा उंबऱ्यावरूनच उजवीकडे गेले. तिनं भिंतीला टेकवलेला पाट पुसून मांडला.

आता सगळं रक्त उजवी एकटीच गाळते. डावी पाहुण्यांना वाढत राहते.