चोराचं वर्णन

भिवसेन ताकवले वेताच्या खुर्च्या विणायचे. जन्मांध माणूस, पण त्यांची वीण कधी सैल पडली नाही. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, काम तुटलं आणि अंधांसाठीच्या पेन्शनवरच चूल पेटू लागली. अशात एसटी स्टँडवर कुणीतरी त्यांच्या खिशातून ते पेन्शनचं कार्डच लांबवलं.

नव्या कार्डासाठी ते तीनदा कचेरीत गेले. तिन्ही वेळा अर्ज परत आला. चौथ्यांदा साहेब कागद चाळता चाळताच गरजले, “चोराचं वर्णन कुठाय? भर दिवसा खिशात हात घालतो आणि तुम्हाला दिसत नाही? विकलं असेल तुम्हीच!”

“साहेब,” भिवसेन म्हणाले, “मला चोर दिसला असता, तर सरकारनं ते कार्ड मला दिलंच नसतं.”

रांगेत हशा पिकला. कागदांची सळसळ थांबली. मग शिक्का उमटल्याचा आवाज आला. “आठवड्यात नवं कार्ड मिळेल,” साहेब पुटपुटले आणि मऊ सुरात त्यांनी विचारलं, “बरोबर कुणी येत नाही का हो?”

“बायको यायची. दिवाळीत गेली,” भिवसेन म्हणाले. “ती असती, तर कुणाचा हात माझ्या खिशापर्यंत पोचलाच नसता.”

मघाशी हसलेली माणसं त्यांना वाट द्यायला बाजूला सरली.