वाऱ्याचा परवाना

वाऱ्यावर स्वार व्हायला पाखरांना परवाना लागायचा, त्या काळची ही गोष्ट. परवाना म्हातारी गिधाडीण द्यायची. कड्यासमोर हवेत अगदी सावकाश आठचा आकडा काढायचा, एवढीच परीक्षा.

तरणा ससाणा फणकारला, "सगळ्यांत वेगवान मी. मला कसली परीक्षा?" आणि त्याने झेप घेतली.

वारा उसळला. समोर कड्यात पाकोळ्यांची घरटी होती, आत पिल्लं होती. ससाण्याला काही केल्या वळता येईना. तोच गिधाडीण आडवी आली. तिने त्याला पाठीवर झेललं आणि घरट्यांसमोरून संथ आठ काढला. घरट्यातलं एक पीसही हललं नाही.

खाली उतरल्यावर ससाण्याने परवाना मागितलाच नाही. हळूच म्हणाला, "आजी, तो आठ पुन्हा दाखवशील?"